सहीआधी छपरावर चढ

अगं, न्यू जर्सीतल्या एडिसनमधली ती जागा तुला किती आवडलीय ते तुझ्या आवाजावरूनच कळलं. लाकडी फरशी, दारात पार्किंग, भाडंही झेपण्यासारखं. नृत्यवर्गाला आणखी काय हवं! पण लीजवर सही करण्याआधी एखाद्या जाणकाराला घेऊन छपरावर चढ. भाडं खालच्या जागेचं ठरतं, पण मोठा खर्च वर बसलेला असतो.

लीज 'ट्रिपल नेट' आहे म्हणालीस. म्हणजे टॅक्स, विमा आणि देखभाल तुझ्या गळ्यात. पण छपरावरच्या एसी-हीटिंगच्या यंत्राची, म्हणजे रूफटॉप एचव्हीएसी युनिटची, दुरुस्ती कुणी करायची आणि ते बदलायची वेळ आली तर पैसे कुणी घालायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिलं तू घे, दुसरं मालकाकडे राहू दे, असं सरळ मागून बघ. युनिटच्या नेमप्लेटचा फोटो काढ. सीरियल नंबरवरून युनिट कुठल्या सालचं ते काढता येतं. पंधराएक वर्षांचं असेल तर ते निवृत्तीला आलंय असं धरूनच बोलणी कर. आणि गॅसवर चालणारं असेल तर हीट एक्स्चेंजरला तडा गेलेला नाही ना, हे तपासून घेच. त्या तड्यातून कार्बन मोनॉक्साइड डक्टमध्ये शिरू शकतो, आणि तुझ्याकडे लोकांची लेकरं येणार आहेत.

नवंच बसवायचं ठरलं तर कॉन्ट्रॅक्टर येईल, खोलीभर नजर फिरवेल आणि म्हणेल, "जरा मोठंच टाकू या, मग काळजी नको." तिथं भुलू नकोस. वाढत्या अंगाचे कपडे घ्यायची आपल्या घरची सवय इथं महागात पडते. गरजेपेक्षा मोठं युनिट खोली झटकन गार करतं आणि बंद होतं. हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग न्यू जर्सीच्या जुलैत खोली गार, पण अंग चिकचिकीत आणि तुझी लाकडी फरशी फुगलेली. विलिस कॅरियरनं 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, तीही मुळात हवेतली ओल आवरायला, कारण दमटपणानं छपाईचा कागद कमीजास्त होत होता.

तुझ्याकडे तर ओलीचा प्रश्न दुप्पट आहे. ऑफिसात बसून काम करणारं माणूस तासाला साधारण 450 बीटीयू उष्णता टाकतं. नाचणारं सुमारे 850, आणि त्यातले 545 घामाच्या वाफेतून. तीस जणी नाचल्या की 25,500 बीटीयू झाले. एसीची एक टन क्षमता म्हणजे ताशी 12,000 बीटीयू, म्हणजे दोन टनांहून जास्त भार नुसत्या नाचणाऱ्यांचाच. (मुली लहान असतील तर थोडा कमी धर.) म्हणून लोड कॅल्क्युलेशन लेखी माग. व्यावसायिक इमारतींसाठी 'मॅन्युअल एन' ही पद्धत आहे; छपराचं इन्सुलेशन, काचांची दिशा, दिवे, माणसं, बाहेरून घ्यायची ताजी हवा, सगळं त्यात मांडतात. नुसतं चौरस फुटांवरून टन सांगणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव.

तुझी खोली दुपारी रिकामी आणि संध्याकाळी गच्च. तेव्हा एकाच वेगानं धावणारं युनिट नको; दोन टप्प्यांचा किंवा वेग बदलणारा कॉम्प्रेसर माग. इकॉनॉमायझरही घे. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये बाहेरची हवा गार आणि कोरडी असली की तो तीच आत घेतो, कॉम्प्रेसरला सुट्टी. फक्त त्याची झडप अडकून बसते. सर्व्हिसच्या करारात ती तपासणी लिहून घे. हिवाळ्यासाठी हीट पंप हवा असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून पॅनेलची क्षमता बघून घे.

एसीत भरायच्या रेफ्रिजरंट गॅसचंही विचार. 2025 पासून अमेरिकेत नव्या युनिटांत आर-410ए मागे पडून आर-32 आणि आर-454बी आलेत. ते किंचित ज्वलनशील आहेत, म्हणून बसवणाऱ्याचं त्याचं प्रशिक्षण झालंय का ते विचार.

कोटेशनमध्ये लोक नेमकं काय गाळतात सांगू? छपरावर युनिट ज्या चौकटीवर बसतं तो कर्ब. दुसऱ्या कंपनीचं युनिट जुन्या कर्बवर बसेलच असं नाही. मग अडॅप्टर आला. शिवाय क्रेन, परमिट, जुनं युनिट उचलून नेणं, वजन जास्त असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियर. आणि छपराला भोक पाडायचं तर मालकाच्या रूफिंगवाल्याकडूनच, नाहीतर छपराची वॉरंटी जाऊ शकते. तिघांकडून कोट घे, पण तिघांना यादी एकच दे, म्हणजे आकडे समोरासमोर ठेवता येतील.

लीजचा मसुदा मला पाठव. एचव्हीएसीचं कलम मी वाचते, तू तोवर शिडीवाला गाठ. सहीचं त्यानंतर बघू.