शेवटचा शब्द कोणाचा?

प्रश्न : जीन्सच्या कारखान्यांसाठी हिशेबाचे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आम्ही चौघांनी लिहिले. मूळ लेखकाला आता वेळ मिळत नाही. निर्णय कोणी घ्यायचे?
– एक वाचक, उल्हासनगर कॅम्प ५

उत्तर : पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेपुढेही हाच पेच होता. जनक गिडो व्हान रॉसम यांनी एका नव्या चिन्हावरच्या कडाक्याच्या वादानंतर जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला, आणि वारस नेमला नाही. मुख्य विकासकांनी मतदान करून पाच जणांचे निवडून येणारे मंडळ ठरवले. त्यात एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत. हे कलम मोलाचे आहे, कारण पगार देणाऱ्याचा दबाव नकळत येतो.

डेबियन या लिनक्स-आधारित प्रणालीच्या प्रकल्पात प्रमुख दरवर्षी निवडला जातो. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर मात्र कंपनीच्या नेतृत्वाखाली वाढले. तरी जीपीएल या मुक्त परवान्यामुळे कोणीही त्याची वेगळी शाखा काढू शकतो.

तुम्हा चौघांना मात्र घटना-निवडणुकांचा पसारा नको. कोड स्वीकारण्याचा अधिकार किमान दोघांकडे असावा, मतभेदात बहुमत कसे मोजायचे ते लिहून ठेवावे. सर्व्हर आणि डोमेनच्या चाव्या आजच दोघांकडे द्याव्यात.