एक अ‍ॅप, दोन कार्यप्रणाली : बांधणीचा मार्ग कसा निवडावा?

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर परिसरात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहतो. त्या उसाची नोंद सात-बारा उताऱ्यावर लावण्यासाठी शेतकऱ्याला पूर्वी चावडीकडे पाहावे लागे. आता त्याला प्रथम आपल्या भ्रमणध्वनीकडे वळावे लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. महसूल विभागाने टाटा ट्रस्टच्या सहकार्याने सिद्ध केलेल्या या अ‍ॅपद्वारे खातेदार स्वतः शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र काढतो, त्याबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि माहिती गाव नमुना बाराकडे जाते. पीक कर्ज, पीक विमा व नैसर्गिक आपत्तीतील मदत या सर्व बाबतींत ही नोंद महत्त्वाची ठरते.

अशा वेळी अ‍ॅप कोणत्या पद्धतीने बांधले आहे, हा केवळ संगणकतज्ज्ञांचा प्रश्न राहत नाही. अ‍ॅप ज्याच्या फोनवर चालत नाही, किंवा नेटवर्क नसताना ज्याची माहिती पुसली जाते, त्याचे पीक शेतात असूनही कागदावर येत नाही. जिल्हा परिषदा, नगरपालिका, सहकारी संस्था व मोठ्या ग्रामपंचायतीही आज स्वतःची अ‍ॅप करून घेतात. म्हणून या निवडीमागील विचार अधिकारी व लोकप्रतिनिधी यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रश्न का उद्भवतो?

आजचे बहुतेक स्मार्टफोन दोन कार्यप्रणालींवर चालतात : गूगलची अँड्रॉइड आणि अ‍ॅपलची आयओएस. एकीसाठी लिहिलेले अ‍ॅप दुसरीवर तसेच्या तसे चालत नाही. अँड्रॉइडसाठी प्रामुख्याने जावा व कोटलिन, तर आयओएससाठी ऑब्जेक्टिव्ह-सी व २०१४ मध्ये आलेली स्विफ्ट या भाषा वापरल्या जातात. भारतात अँड्रॉइड फोनांचे प्रमाण फार मोठे आहे. ग्रामीण भागात तर बहुतेकांच्या हाती तोच फोन दिसतो. तथापि सार्वजनिक सेवा ‘बहुतेकांची’ असून चालत नाही, ती सर्वांची असावी लागते. दोन्हींसाठी स्वतंत्र बांधणी केली तर खर्च जवळजवळ दुप्पट होतो आणि प्रत्येक दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते. यातून मार्ग काढण्यासाठी गेल्या दीड दशकात निरनिराळ्या पद्धती पुढे आल्या.

चार मार्ग

पहिला मार्ग संकेतस्थळाचा. भ्रमणध्वनीच्या पडद्यास साजेसे संकेतस्थळ कोणत्याही फोनच्या ब्राउझरमध्ये उघडते. ते अ‍ॅपप्रमाणे फोनच्या पडद्यावर ठेवता येते आणि काही अंशी नेटवर्कविना चालविताही येते. खर्च कमी, बदल करणे सोपे. ग्रामसभेची सूचना, कराची मागणी, दाखल्याचा अर्ज यांसाठी हा मार्ग बहुधा पुरेसा असतो. कॅमेरा व स्थाननिश्चिती यांचा उपयोगही यात करता येतो. मात्र माहिती फोनमध्ये टिकून राहील याची शाश्वती कमी. आयफोनवरील सफारी ब्राउझरमध्ये २०२० पासून असा नियम आहे, की वापराच्या सात दिवसांत एखाद्या संकेतस्थळाशी संबंध आला नाही, तर त्याने साठविलेली माहिती काढून टाकली जाते. पडद्यावर ठेवलेल्या संकेतस्थळास यातून सूट आहे. पण सर्वच वापरकर्ते तसे करतील असे गृहीत धरता येत नाही.

दुसरा मार्ग संमिश्र बांधणीचा. यात संकेतस्थळाची पाने अ‍ॅपच्या कवचात बसविली जातात. कॉर्डोवा व आयोनिक ही या पद्धतीची साधने. संकेतस्थळ करणाऱ्यांनाच हे काम जमते. परंतु जुन्या व कमी क्षमतेच्या फोनवर असे अ‍ॅप मंद चालण्याचा संभव असतो.

तिसरा मार्ग समाईक आज्ञावलीचा. एकदाच लिहिलेल्या आज्ञावलीतून दोन्ही कार्यप्रणालींची अ‍ॅप तयार होतात. फेसबुकने २०१५ मध्ये खुले केलेले रिअ‍ॅक्ट नेटिव्ह आणि गूगलने डिसेंबर २०१८ मध्ये पहिल्या स्थिर आवृत्तीत दिलेले फ्लटर ही यातील प्रमुख नावे. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह फोनची स्वतःचीच बटणे व चौकटी वापरते; फ्लटर पडद्यावरील प्रत्येक घटक स्वतः रेखाटते. कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म ही नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर घोषित झालेली पद्धत याहून थोडी निराळी आहे. तिच्यात हिशेब, नियम व माहितीची साठवण एवढा भाग समाईक ठेवून पडदे दोन्हींसाठी स्वतंत्र करता येतात.

चौथा मार्ग संपूर्ण स्वतंत्र बांधणीचा. फोनच्या सर्व क्षमता यात पूर्णपणे हाती येतात. पण दोन प्रकारचे तज्ज्ञ कायम लागतात.

हे तारतम्य वालचंदनगरच्या रहिवाशांना नवे वाटू नये. वालचंद हिराचंद यांच्या उद्यमातून उभ्या राहिलेल्या या गावातील कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडली आणि इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटरची कवचेही घडली. कारखाना एकच, परंतु दोन्ही कामांची मापे व तपासणी एकसारखी असू शकत नाही. अ‍ॅपच्या बाबतीतही काय समाईक ठेवावे आणि काय स्वतंत्र करावे, हे कामाच्या स्वरूपावरून ठरते.

कामावरून निवड

हवामान विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था व भारतीय कृषी संशोधन परिषद यांनी २०१९ मध्ये आणलेल्या ‘मेघदूत’ अ‍ॅपमधून शेतकऱ्याला हवामानाचा अंदाज व पीकसल्ला मिळतो. येथे शेतकरी मुख्यतः माहिती वाचतो. एखादे वेळी पान उघडले नाही, तर ते पुन्हा उघडता येते. पीक पाहणीचे तसे नाही. तेथे शेतकरी माहिती देतो. बांधावर नेटवर्क नसेल, तर छायाचित्र व नोंद फोनमध्ये सुरक्षित राहून नेटवर्क मिळताच पुढे गेली पाहिजे. मुदत संपल्यानंतर हरवलेली नोंद शेतकऱ्याला पुन्हा करता येत नाही. माहिती वाचण्याच्या कामास संकेतस्थळ पुरते. बांधावरून नोंद करण्याच्या कामास समाईक आज्ञावलीचे किंवा स्वतंत्र अ‍ॅप आवश्यक ठरते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोणतीही पद्धत निवडली, तरी स्मार्टफोन नसलेला नागरिक उरतोच. पीक पाहणीत एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, आणि शेतकऱ्यांकडून राहिलेल्या नोंदींसाठी गावपातळीवर सहायकांची व्यवस्था करण्यात आली. अशी पर्यायी वाट ठेवणे हा योजनेच्या आखणीचाच भाग असला पाहिजे.

बांधणीनंतरचा खर्च

अ‍ॅप प्रसिद्ध झाले म्हणजे काम संपले, हा समज चुकीचा आहे. नव्या अँड्रॉइड आवृत्त्यांशी अ‍ॅप जुळते ठेवण्याची अट गूगल प्ले स्टोअर वेळोवेळी घालते. बांधणीची साधनेही कायम टिकत नाहीत. अ‍ॅडोबने फोनगॅप हे साधन २०२० मध्ये बंद केले. मायक्रोसॉफ्टने झामारिनचे साहाय्य १ मे २०२४ रोजी थांबविले. ज्या संस्थांनी त्यांवर अ‍ॅप बांधली होती, त्यांना दुसऱ्या साधनाचा विचार करावा लागला. मूळ आज्ञावली संस्थेच्या ताब्यात नसेल आणि कंत्राटदार निघून गेला असेल, तर झालेला सर्व खर्च वाया जातो.

करारापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. हे काम संकेतस्थळाने भागण्यासारखे आहे काय? भागत असेल, तर अ‍ॅपचा आग्रह का?

२. नेटवर्क नसताना भरलेली माहिती किती काळ व कोठे सुरक्षित राहील?

३. गावातील सर्वांत जुन्या व स्वस्त फोनवर अ‍ॅप चालवून पाहिले आहे काय?

४. मराठी अक्षरे सर्व पडद्यांवर नीट उमटतात काय? ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ यांसारखी आडनावे लिहून पाहावीत. अंध नागरिकांसाठी फोनची वाचन-सुविधा अ‍ॅपमध्ये चालते काय, हेही तपासावे.

५. मूळ आज्ञावली, तिची कागदपत्रे आणि स्टोअरवरील खाते संस्थेच्या नावे राहील काय?

६. पुढील पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात केली आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे लेखी घेतल्यास बांधणीच्या पद्धतीविषयीचा बराचसा संभ्रम आपोआप दूर होतो. सामान्यतः साध्या माहितीसाठी संकेतस्थळ, शेतातून वा घरोघरी जाऊन नोंद करण्यासाठी समाईक आज्ञावलीचे अ‍ॅप, आणि फोनच्या विशेष क्षमतांवर अवलंबून असलेल्या कामासाठीच स्वतंत्र बांधणी, असा क्रम सोयीचा ठरतो. अंतिम निर्णयापूर्वी मात्र एका गावात, एका हंगामासाठी, प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या हाती ते देऊन पाहावे. आणि ज्यांची नोंद होऊ शकली नाही त्यांची यादी करून प्रत्येकाचे कारण शोधावे.