रस्त्याचे काम आणि घरातील काम

रस्ता रुंद होत असता कडेच्या घरात शिवणयंत्र चालविणाऱ्या स्त्रीला खडक फोडणाऱ्या यंत्रापासून महिनोन्‌महिने सुटका नसते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीने रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तेथे आवाज करणारी बांधकामयंत्रे चालविण्यास मनाई झाली. झोप निदान कागदोपत्री सुरक्षित झाली. परंतु घरीच काम करणाऱ्यांचा दिवस? मर्यादेपेक्षा १० डेसिबल, म्हणजे तीव्रतेने दसपट, आवाज झाल्यास दिवसाही प्राधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. कॉम्प्रेसर घरांपासून दूर ठेवावा, खडक फोडण्याच्या वेळा आदल्या दिवशी फलकावर लिहाव्यात, एवढे तरी पंचायतीने कंत्राटदारास सांगावयास हवे.