बाळाला उताणं का झोपवायचं? एका चुकलेल्या सल्ल्याचा धडा



आजचा लेख पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या घटकावर नाही. चौथीतल्या एका मुलीने विचारलेल्या प्रश्नामुळे तो लिहावासा वाटला. दोन वर्षांपूर्वी ती आठवडाभर शाळेत आली नव्हती. तिचा अडीच महिन्यांचा भाऊ रात्री झोपेतच गेला होता. दोन दिवस थोडी सर्दी होती, एवढंच. शाळेत परत आली त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, सगळ्या बाया म्हणतात आईचा डोळा लागला म्हणून बाळ गेलं. आईचं चुकलं का हो?"

मी तिला जवळ घेतलं आणि "नाही गं, असं नसतं" एवढंच म्हणाले. पण खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत नव्हतं. डी.एड.ला आपण बालमानसशास्त्र शिकतो, पण तान्ह्या बाळाबद्दल आपली माहिती म्हणजे घरात ऐकलेली माहिती. त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे समजलं ते इथे मांडते.

१) 'कॉट डेथ' म्हणजे काय?

वरवर निरोगी दिसणारं, एक वर्षाच्या आतलं बाळ झोपेत अचानक दगावतं आणि शवविच्छेदन, जागेची पाहणी, आजारपणाची चौकशी हे सगळं करूनही कारण सापडत नाही. अशा मृत्यूला इंग्रजीत थोडक्यात 'सिड्स' म्हणतात. बोलीभाषेत 'कॉट डेथ', म्हणजे पाळण्यातला मृत्यू. हे नाव १९६९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरात भरलेल्या परिषदेत ठरलं. सर्वात जास्त धोका दोन ते चार महिन्यांच्या वयात असतो आणि बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्ण तपासणी झाल्याशिवाय 'सिड्स' म्हणता येत नाही. आपल्या खेड्यापाड्यात बाळ झोपेत गेलं तर अशी तपासणी सहसा होत नाही. त्यामुळे ते न्यूमोनियाने गेलं, रक्तातल्या जंतुसंसर्गाने गेलं की आणखी कशाने, हे कळतच नाही. मग कारणाची ती रिकामी जागा लोक भरतात, आणि तिथे बहुतेक वेळा आईचं नाव लिहिलं जातं.

२) चांगल्या मनाने दिलेला चुकीचा सल्ला

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ मध्ये निघालं आणि जगभर त्याच्या लाखो प्रती खपल्या. १९५०च्या दशकाच्या मध्यानंतरच्या आवृत्त्यांत बाळाला पोटावर, म्हणजे पालथं झोपवावं असा सल्ला होता. कारणं अगदी पटण्यासारखी होती. बाळ उताणं असताना उलटी झाली तर ती घशात अडकेल, शिवाय डोकं एका बाजूने चपटं होईल. दवाखान्यांतही अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पालथं ठेवलं की त्यांचा श्वास सुधारतो, असा अनुभव होता. तीच पद्धत मग घरच्या निरोगी बाळांनाही लावली गेली.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. डॉक्टर सांगत होते, नर्स सांगत होत्या, शेजारणी सांगत होत्या. पालथं बाळ गाढ झोपतं, रडत नाही, हेही सगळ्यांना दिसत होतं. पण हा सल्ला देण्याआधी तो कुणी तपासून पाहिला नव्हता.

उलटीचं म्हणाल तर पुढे उलटंच निघालं. बाळ उताणं असताना श्वासनलिका वरच्या बाजूला आणि अन्ननलिका तिच्याखाली असते. त्यामुळे वर आलेलं दूध सहजासहजी श्वासनलिकेत जात नाही. पालथ्या बाळात हाच क्रम उलटा होतो.

३) मग इतकी वर्षं कुणालाच कसं दिसलं नाही?

हा भाग मला शिक्षिका म्हणून सर्वात महत्त्वाचा वाटतो. थोडं गणित करूया.

१९८०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये कॉट डेथचं प्रमाण जगात खूप जास्त मानलं जायचं. ते होतं दर १००० बाळांमागे साधारण ४. म्हणजे ९९६ बाळांना काहीच होत नव्हतं! एखादी नर्स वर्षाला १०० बाळं पाहत असेल तर तिच्या वाट्याला अडीच वर्षांत असा एखादा मृत्यू येणार. तोही कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत, कधी सर्दी झालेल्या बाळाचा. त्यातून तिला काय समजणार? आणि तीन मुलं वाढवलेली आजी तर छातीठोकपणे सांगणार, "माझी तिन्ही पालथीच झोपली, काय झालं त्यांना?"

आजी खोटं बोलत नाही. पण तीन मुलांच्या अनुभवातून हजारात चारचा धोका दिसू शकत नाही. तो दिसायला खूप बाळांची नोंद ठेवावी लागते आणि तुलना करावी लागते.

४) मोजलं तेव्हा काय दिसलं?

न्यूझीलंडमध्ये १९८७ ते १९९० या तीन वर्षांत मोठा अभ्यास झाला. मृत्यू पावलेल्या ४८५ बाळांची तुलना १८०० जिवंत बाळांशी करण्याचं ठरलं आणि त्यातल्या बहुतेक कुटुंबांकडून माहिती मिळाली. जिवंत बाळांच्या घरी कशाला जायचं, असं वाटेल. पण समजा, गेलेल्या बाळांपैकी निम्मी पालथी झोपलेली होती. या एका आकड्यावरून काहीच कळत नाही. जिवंत बाळांतलीही निम्मी पालथीच झोपत असतील, तर झोपण्याचा दोष नाही. जिवंत बाळांत हे प्रमाण खूप कमी असेल, तरच संशय घ्यायला जागा आहे. या अभ्यासात तसंच दिसलं. पालथं झोपणं, आईचं धूम्रपान आणि आईचं दूध न मिळणं या तीन गोष्टी धोका वाढवणाऱ्या निघाल्या.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलच्या डॉ. पीटर फ्लेमिंग यांच्या गटाने १९९० मध्ये ७२ मृत बाळं आणि १४४ जिवंत बाळं यांची तुलना प्रसिद्ध केली. तिथेही पालथं झोपणं धोक्याचं ठरलंच, शिवाय जास्त गुंडाळणं आणि रात्रभर खोली तापवणं हेही धोक्याचं दिसलं. हाँगकाँगमध्ये बाळांना उताणं झोपवायची रीत होती, आणि तिथे कॉट डेथ फारच कमी आढळतात हे १९८५ मध्येच छापून आलं होतं.

१९९१ मध्ये ब्रिटनमधल्या टीव्ही निवेदिका ॲन डायमंड यांचा चार महिन्यांचा मुलगा असाच गेला. त्यांनी न्यूझीलंडला जाऊन माहिती घेतली, आवाज उठवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये 'बाळाला उताणं झोपवा' ही मोहीम सुरू झाली. अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सल्ला बदलला आणि १९९४ मध्ये देशभर मोहीम निघाली. काही वर्षांतच या देशांतले असे मृत्यू निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. नवीन औषध नाही, यंत्र नाही, फक्त बाळाची कूस बदलली!

मनाला लागणारी गोष्ट पुढेच आहे. २००५ मध्ये संशोधकांनी सगळे जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. तेव्हा दिसलं की पालथं झोपण्याच्या धोक्याचा पुरावा १९७० पर्यंत जमा झाला होता. पण सुटे सुटे छापलेले अभ्यास कुणी एकत्र वाचलेच नाहीत. ते वाचले असते तर ब्रिटनमधली १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचू शकली असती, असा त्यांचा अंदाज आहे.

५) सर्दी-तापाचा काय संबंध?

साधी सर्दी झाली म्हणजे कॉट डेथ होते असं अजिबात नाही. पण संसर्ग, जास्त पांघरूण आणि पालथी झोप या गोष्टी एकत्र आल्या की धोका वाढतो, असं ब्रिस्टॉल आणि ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया इथल्या अभ्यासांत दिसलं. बाळ शरीरातली बरीच उष्णता चेहऱ्यातून आणि डोक्यातून बाहेर टाकतं. अंगात ताप, वर दोन-तीन दुपटी आणि चेहरा गादीत, असं झालं तर ती उष्णता जाणार कुठे? शिवाय मऊ गादीत तोंड रुतलं की सोडलेलीच हवा पुन्हा आत घेतली जाते. अशा वेळी निरोगी बाळ चुळबुळ करून जागं होतं. काही बाळांच्या मेंदूतली ही जाग येण्याची यंत्रणा कमजोर असते, आणि बाहेरून पाहून ती ओळखता येत नाही.

लसीबद्दलही सांगते. आपल्याकडे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना लस देतात आणि कॉट डेथचं वयही नेमकं तेच. त्यामुळे "इंजेक्शन दिलं आणि बाळ गेलं" अशी शंका जगभर घेतली गेली. इथेही तुलना करूनच उत्तर मिळालं. लसीमुळे हा धोका वाढत नाही. म्हणून लस चुकवू नका.

६) आपल्या महाराष्ट्रातलं मोजमाप

आपल्याकडे तान्ह्या बाळांचे जीव जातात ते मुख्यतः अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जन्मावेळी गुदमरणं आणि जंतुसंसर्ग यांमुळे. याचा अभ्यास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत केला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना बाळाचा श्वास मोजणं, वजन करणं, ऊब देणं, संसर्ग ओळखून औषध देणं शिकवलं. तुलनेसाठी ४७ गावं वेगळी ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलनेतल्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या नावाजलेल्या साप्ताहिकात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्यामागे हे काम आहे.

७) पालकांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

* दिवसा असो की रात्री, प्रत्येक वेळी बाळाला उताणं झोपवा. कुशीवर झोपवलेलं बाळ सहज पालथं होतं. मोठं झालेलं बाळ आपणहून कूस बदलू लागलं तर बदलू द्या.
* अंथरूण सपाट आणि घट्ट असावं. उशी (मोहरीचीसुद्धा), लोड, मऊ खेळणी जवळ नकोत.
* बाळाचं अंथरूण आईजवळच, पण वेगळं असावं.
* गरजेपेक्षा जास्त गुंडाळू नका, तोंड झाकू नका. कमी वजनाच्या किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळाला जास्त ऊब लागते. तिथे डॉक्टर आणि आशाताई सांगतील तसं करा.
* घरात बिडी-सिगारेट नको. धुरी, शेगडीचा धूरही बाळाजवळ नको.
* शक्यतो आईचंच दूध द्या आणि लसी वेळेवर घ्या.
* बाळ जागं असताना, आपण समोर बसून, थोडा वेळ पोटावर खेळवा. त्याने मान धरायला मदत होते.
* बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, अंग गरम किंवा गार पडलं असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असेल तर वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा किंवा १०८ ला फोन करा.

८) वर्गात काय घेता येईल?

मी तिसरी-चौथीला दोन छोटे उपक्रम घेते. पहिला, श्वास मोजणे. जोडीदाराचं पोट पाहून मिनिटभर श्वास मोजायचे, बसून आणि धावून आल्यावर, आणि तक्ता करायचा. दुसरा, 'म्हणतात' आणि 'मोजलं'. फळ्यावर दोन रकाने काढायचे आणि मुलांनी घरून ऐकलेलं एक-एक वाक्य आणायचं. ते कुणी मोजून पाहिलंय का, आपल्याला मोजता येईल का, यावर चर्चा करायची. मुलं फार छान बोलतात. फक्त घरच्यांची चेष्टा होणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

एक कबुली देते. माझी लेक लहान असताना "बाळाला पालथं झोपवा, गॅस होत नाही" असा मेसेज मला आला होता आणि मीही तो चार मैत्रिणींना पुढे पाठवला होता. चांगल्या मनानेच. आता तो 'म्हणतात'च्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिते.

आणि त्या मुलीचा प्रश्न? या वर्षी ती सहावीत आहे, पण मी मुद्दाम भेटून तिला सांगितलं, "तुझं बाळ कशानं गेलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आईचं चुकलं असं म्हणणाऱ्या कुणीही काही तपासलेलं नाही. ते फक्त म्हणतात." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, हे तुम्ही आमच्या घरी येऊन सांगाल?"

पुढच्या रविवारी गेले. चहा झाला आणि तिच्या आईसमोर बसून हेच सगळं पुन्हा सांगितलं.

लेख आवडला तर तुमच्या शाळेच्या माता-पालक सभेत जरूर वाचून दाखवा.