गोधडी आणि मशीनचा चालता पाय

गोधडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. तान्ह्या पोराला आपण गोधडीत गुंडाळतो. हीव भरले की माणूस गोधडी मागतो. कुठे हिलाच वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, जुनी धोतरे एकावर एक घालायची आणि धावदोरा घालून शिवायची, झाली गोधडी.

कर्नाटकात हल्याळ आणि येल्लापूर या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांच्या बायकाही अशीच गोधडी शिवतात. तिला त्या कवंद म्हणतात. काठापासून शिवण सुरू करतात आणि फिरत फिरत मधे आणतात. चारी कोपऱ्यांना कापडाची लहान फुले लावतात. म्हणजे गोधडी नुसती ऊब देत नाही, तिला शोभाही हवी.

आता घरोघरी मशीन आले. मशीनवर गोधडी शिवता येते का? नक्षी काढता येते का? येते. पण आमच्या घरी काय घडले ते आधी ऐका.

माझी आई वारली. तिची दोन लुगडी पेटीत राहिली. पुढे मला नात झाली. धाकटी सून म्हणाली, "आजींच्या लुगड्यांची बाळाला गोधडी करूया." मिरग जवळ आला होता. हाताने शिवायला वेळ कुठला? ती मशीनवर बसली. उभ्या रेघा मारल्या. मग आडवी रेघ मारायला घेतली, तर वरचे कापड गोळा झाले आणि मोठी चुणी पडली.

शेजारची काकी बघायला आली. म्हणाली, "गो बाय, खालचां फुडे गेलां नि वरचां मागे रवलां!"

शिवण उसवावी लागली. लुगडे जुने, विरलेले. उसवताना ते वीतभर फाटले. सून रडू लागली. बाजारात पैसे टाकले तर दुसरे लुगडे मिळते. आईचे लुगडे कुठून मिळणार?

असे का झाले?

काकीचे बोलणे अगदी खरे होते. मशीनच्या पट्टीत, सुईच्या खाली, लोखंडी दाते असतात. ते कापड पुढे ढकलतात. पण ते फक्त खालच्या कापडाला धरतात. वरच्या कापडावर मशीनचा पाय दाबून बसलेला असतो. तो गुळगुळीत आणि जागच्या जागी. त्यामुळे खालचे कापड चालते आणि वरचे अडते. एक पदरी कापडाला हे जाणवत नाही. गोधडीचे तीन थर असले की लगेच जाणवते.

जोताला दोन बैल बांधले. एक चालतो, एक अडतो. मग तास सरळ येईल का? तसेच हे.

चालता पाय

यावर एक वेगळा पाय मिळतो. दुकानात त्याला 'वॉकिंग फूट' म्हणतात. आपण चालता पाय म्हणू. या पायाला स्वतःचे दाते असतात. त्याचा एक दांडा सुईच्या स्क्रूवर बसतो. सुई वर गेली की हे दाते कापडावर टेकतात आणि खालच्या दात्यांबरोबर कापड सारतात. सुई खाली आली की ते उचलतात आणि परत जागेवर येतात. वरचे आणि खालचे कापड बरोबरीने चालते. चुणी पडत नाही.

सगळे पाय सगळ्या मशीनला बसत नाहीत. दुकानात जाताना आपल्या मशीनचा जुना पाय बरोबर न्या आणि ताडून घ्या.

शिवायचे कसे?

पहिले, थर नीट पसरा. हात फिरवून सपाट करा. चार चार बोटांवर कच्चे टाके घाला.

दुसरे, नवी सुई लावा. १४ किंवा १६ नंबरची चालते. टाका जरा लांब ठेवा. एका इंचात ८ किंवा ९ टाके पुरेत.

तिसरे, पहिली रेघ मधोमध मारा. मग एकेका बाजूला सरका. हाताची शिवण काठापासून आत येते. मशीनची शिवण मधून काठाकडे न्यावी. म्हणजे जास्तीचे कापड बाहेर निघून जाते.

चौथे, मशीन हळू चालवा. कापड ओढू नका.

नक्षी कोणती?

सरळ रेघा, चौकडी आणि समुद्राच्या लाटेसारखी संथ वळणे चालत्या पायाने छान येतात. नागमोडी टाका काढायचा तर मशीनची सुई डावी-उजवीकडे हलणारी हवी आणि पायाचे भोकही रुंद हवे. नाहीतर सुई पायावर आपटून मोडेल. मागे-पुढे शिवण जाते अशी नक्षी या पायाने काढू नये. लहान फूल, लहान पान काढायचे तर हातानेच काढा.

चालता पाय नसेल तर? कच्चे टाके दाट घाला. पायाचा दाब थोडा कमी करा. तरी थर फार जाड असले तर मशीनचा नाद सोडा आणि हातात सुई घ्या.

सुनेने पुढे चालता पाय आणला. आधी जुन्या धोतराच्या तुकड्यांवर हात बसवला. मगच लुगड्यांना हात लावला. फाटल्या जागी पानाच्या आकाराचे ठिगळ लावले. त्याच्या दोन्ही बाजूंनी लाटा काढल्या. काठ मात्र काकीने हाताने शिवून दिला. नात आता त्याच गोधडीत झोपते.

ध्यानात ठेवा

पैसे घेऊन दुसऱ्याची गोधडी शिवत असाल तर ती लुगडीही कोणाच्या तरी आईची असतात. आधी चिंध्यांवर शिवून बघा, मग लुगडे घ्या.

उत्तरे लिहा

१. मशीनचे खालचे दाते काय करतात?
२. गोधडीची पहिली रेघ मशीनवर कोठे मारावी?
३. तुमच्या घरच्या गोधडीत कोणाकोणाचे कपडे आहेत? पाच ओळी लिहा.