हिवाळ्यासाठी अरुंद चाक

ज्या प्रदेशात वर्षातील चार-पाच महिने रस्ता कधी भुसभुशीत बर्फाने, कधी बर्फ, मीठ आणि पाणी यांच्या राड्याने, तर कधी गोठलेल्या पाण्याच्या नजरेस न पडणाऱ्या थराने झाकलेला असतो, त्या प्रदेशात मोटार चालविणाऱ्याने गाडीच्या इतर कोणत्याही अंगापेक्षा तिच्या चाकांचा विचार अधिक साक्षेपाने करावा, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियल शहरी, माझे वास्तव्य दीर्घकाळचे असल्यामुळे पुण्या-मुंबईकडून नोकरीनिमित्त येथे येणारी आपली मंडळी पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर जो सल्ला विचारतात, त्यात गरम कपड्यांच्या खालोखाल टायरांची चौकशी असते. आणि प्रत्येकाला मी तोंडी जे सांगत आलो ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. माझे सांगणे थोडक्यात असे, की हिवाळ्यासाठी रिम लहान घ्यावी आणि टायर अरुंद घ्यावा; मात्र ही निवड गाडीच्या उत्पादकाने मान्य केलेल्या मापांच्या मर्यादेतच करावी.

आरंभ कायद्यापासून करणे सोयीचे. क्वेबेक प्रांताने २००८ साली हिवाळी टायर सक्तीचे केले, आणि २०१९ पासून या सक्तीची मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी ठरविण्यात आली. टायर हिवाळी आहे की नाही याची खूण त्याच्या बाजूवर असते: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा एक स्फटिक. नुसती ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरे असलेला टायर या कायद्याच्या दृष्टीने पुरेसा नाही. या खुणेमागे शास्त्र आहे. तापमान सुमारे ७ अंशांच्या खाली उतरले, की उन्हाळी टायरचे रबर ताठर होत जाते आणि रस्त्याच्या बारीकसारीक खडबडीतपणाशी त्याचा मेळ बसेनासा होतो. हिवाळी टायरचे रबर मात्र कडाक्याच्या थंडीतही मऊ राहील अशा मिश्रणाचे असते, आणि त्याच्या नक्षीत बर्फाला धरणाऱ्या असंख्य सूक्ष्म चिरा असतात. आज नोकियन टायर्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडमधील कारखान्याने १९३४ मध्ये मालमोटारींसाठी, आणि १९३६ मध्ये ‘हाक्कापेलिट्टा’ या नावाने प्रवासी मोटारींसाठी असे टायर काढले, तेव्हापासून ही विद्या सतत वाढत आली आहे. तथापि टायर कोणत्या जातीचा असावा हे सांगणारा कायदा तो किती रुंद असावा याविषयी काहीच बोलत नाही, आणि नवख्या माणसाचा निर्णय बहुधा नेमका याच ठिकाणी दुकानदाराच्या स्वाधीन होतो.

टायरच्या बाजूवरील आकडे वाचता येणे ही पुढील सर्व विवेचनाची किल्ली आहे. २२५/४५ आर १७ या मजकुरात २२५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ४५ हे टायरच्या बाजूच्या उंचीचे त्या रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. या हिशेबाने त्या चाकाचा एकूण व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर भरतो. आता २०५/५५ आर १६ हे माप घेतले तर व्यास ६३२, आणि १९५/६५ आर १५ घेतले तर पुन्हा ६३४ मिलिमीटर येतो. म्हणजे रिम दोन इंचांनी लहान झाली, टायर ३० मिलिमीटरने अरुंद झाला, परंतु रबराची बाजू तेवढीच उंच झाल्यामुळे चाकाची एकंदर उंची, आणि तिच्यावर अवलंबून असलेली वेगमापकाची नोंद, जवळजवळ जशीच्या तशी राहिली. अनेक मध्यम मोटारींना उत्पादक ही तिन्ही मापे मान्य करतात. विक्रीच्या दालनात मात्र गाडी सर्वांत मोठ्या रिमवर उभी केलेली असते, कारण ती डोळ्यांत भरते.

माझी गाडी अशीच १७ इंची रिमवर आली होती. ज्या दुकानात मी हिवाळी टायर मागितले, तेथील माणसाने गाडीची पुस्तिका उघडून न पाहताच, दुसरे कोणतेही माप या गाडीला बसणार नाही असे ठामपणे सांगितले आणि त्याच रुंदीचे टायर चढवून दिले. टायर अस्सल हिवाळी होते, नवे होते आणि कायद्याच्या कसोटीला पूर्णपणे उतरणारे होते. त्याच हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब वीस क्रमांकाच्या महामार्गाने क्वेबेक शहराकडे निघालो असता, हिमवर्षाव थांबलेला, तापमान शून्याच्या आसपास, आणि मीठ टाकल्यामुळे चाकोऱ्यांतील बर्फ वितळून दोन मार्गिकांच्या मधोमध त्याच्या राड्याचा लांबच लांब बांध साचलेला, अशी स्थिती होती. एका मालमोटारीला मागे टाकण्यासाठी मी त्या बांधावरून पलीकडे जाऊ लागलो, तोच सुकाणू हातात एकाएकी हलके झाले, पुढची चाके वळलेली असूनही गाडी सरळच जात राहिली, आणि बांध ओलांडताच टायरांना अकस्मात पकड सापडून ती कडेच्या हिमराशीत तिरपी जाऊन रुतली. वेग नव्वदीच्या आत होता आणि मागून लगोलग कोणी येत नव्हते, म्हणून कोणाला इजा झाली नाही. परंतु मागच्या आसनावर बसलेल्या मुलांचे पांढरेफटक पडलेले चेहरे पाहिल्यावर या प्रकाराचे कारण मुळापासून समजून घेतल्याशिवाय मला राहवले नाही. पुढे मार्चमध्ये, बर्फ वितळू लागताच शहरातील रस्त्यांना जे खड्डे पडतात त्यांतील एकात चाक आदळून टायरची बाजू फाटली आणि रिमही वाकली. त्या निमित्ताने ज्या कारागिराकडे गेलो, त्याने शांतपणे गाडीची पुस्तिका उघडून त्याच गाडीसाठी मान्य असलेले १९५/६५ आर १५ हे माप मला दाखविले.

कारण असे आहे. टायर जमिनीला जेथे टेकतो तेथील क्षेत्रफळ स्थूलमानाने चाकावरचा भार आणि आतील हवेचा दाब यांवरून ठरते. एका चाकावर साडेतीनशे किलोचा भार आणि ३३ पौंड हवा असेल तर हे क्षेत्रफळ अदमासे दीडशे चौरस सेंटिमीटर येते, आणि टायर अरुंद केल्याने त्यात मोठा फरक पडत नाही. बदलतो तो त्याचा आकार. रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड असतो, अरुंद टायरचा उभा आणि लांब. कोरड्या डांबरावर वेगाने वळण घेताना आडवा ठसा उपकारक ठरतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु समोर बर्फ किंवा राडा असेल तेव्हा चाकाला आपल्या रुंदीइतका पट्टा प्रत्येक क्षणी दाबून वा बाजूला सारून पुढे जावे लागते, आणि बाजूला जाणाऱ्या राड्याला टायरखालून बाहेर पडण्यासाठी जेवढे अंतर कापावे लागते, तेवढी चाक वर उचलले जाण्याची भीती वाढते. नांगराचा फाळ अरुंद असतो म्हणून जमिनीत शिरतो आणि कुळवाची पास रुंद असते म्हणून ती वरच्या थरातच चालते, तोच न्याय येथे लागू आहे. १९५ चा टायर २२५ च्या मानाने सुमारे १३ टक्के कमी बर्फ सारतो, तो लवकर तळाला पोहोचतो, आणि त्याच्या लांबट ठशातील चिरा पृष्ठभागाला अधिक अंतरभर धरून राहतात. स्वीडनच्या बर्फाळ रस्त्यांवर होणाऱ्या जागतिक रॅलीत अरुंद, खिळेदार टायर वापरतात ते याच कारणास्तव. तेच चालक डांबरी शर्यतींत मोठ्या रिमवरचे रुंद टायर लावतात.

या नियमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, अन्यथा सल्ला एकांगी होईल. गुळगुळीत घट्ट बर्फावर रुंदीपेक्षा रबराची जात, चिरांची रचना आणि खिळे हेच निर्णायक ठरतात. जेथे तळ गाठणे शक्यच नसते, उदाहरणार्थ आइसलंडमधील हिमनद्यांवर, तेथे याउलट अतिरुंद टायरांतील हवा अगदी कमी करून गाडी बर्फाच्या वरच ठेवतात. आपला प्रश्न हिमनदीचा नसून ज्या रस्त्याखाली चार-सहा बोटांवर डांबर आहे त्याचा आहे, आणि तेथे अरुंद टायरचे पारडे निश्चितपणे जड आहे. परंतु अरुंद उन्हाळी टायर हा हिवाळी टायरची जागा कदापि घेऊ शकत नाही. आधी रबर, मग रुंदी, हाच क्रम. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असली तरी ती निघताना मदत करते, थांबताना नाही, हेही नव्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.

लहान रिमचे इतर लाभ गौण नाहीत. टायरची बाजू उंच असल्यामुळे खड्ड्याचा आघात रबर सोसते आणि रिम वाचते. १५ इंची टायर १७ इंचीपेक्षा सामान्यतः स्वस्त पडतात, आणि पोलादी रिमचा स्वतंत्र संच घेतला तर मिठाने खराब होणारी मूळची मिश्रधातूची रिम सुरक्षित राहते. शिवाय दर ऋतूला रिमवरून टायर उतरवून पुन्हा चढविण्याची मजुरी वाचते.

आता प्रत्यक्ष तजवीज. प्रथम गाडीची पुस्तिका आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पत्रक पाहून मान्य मापे लिहून घ्यावीत. लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरवर अडकत नाही ना, याची खातरजमा करावी, कारण एकाच नावाच्या गाडीच्या अधिक शक्तिमान प्रकाराला मोठे ब्रेक असतात आणि त्यावर १५ इंची रिम बसत नाही. नटांच्या छिद्रांचे वर्तुळ, मधल्या छिद्राचा व्यास आणि रिमचा आत-बाहेरचा कल या तिन्ही बाबी जुळल्या पाहिजेत. भारांक मूळपेक्षा कमी घेऊ नये. ९१ हा अंक एका टायरला ६१५ किलोचा भार दर्शवितो. टायर चारही सारखेच घ्यावेत. केवळ पुढचे दोन बदलल्यास पुढची चाके धरतात, मागची सुटतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. चाके बसविल्यावर शंभर-एक किलोमीटर चालवून नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. हवा थंड टायरमध्येच मोजावी. उबदार गॅरेजात १५ अंशांत भरलेली ३३ पौंड हवा उणे २० अंशांत २७ पौंडांच्या आसपास येते, याची जाणीव अनेकांना नसते. नक्षीची खोली ४ मिलिमीटरवर आली, की कायद्याने मना केले नसले तरी तो टायर बर्फासाठी निकामी समजावा.

आणि हे सर्व वेळेवर करावे. पहिला हिमवर्षाव झाला की टायरवाल्यांकडे रांगा लागतात आणि हवे ते माप शिल्लक राहत नाही. म्हणून नवरात्र बसले की वेळ ठरवावी आणि दिवाळीपर्यंत चाके बदलून मोकळे व्हावे. दुकानात जाताना पुस्तिकेतील सर्वांत अरुंद मान्य माप कागदावर लिहून न्यावे. दुकानदाराने ते बसणार नाही असे सांगितले, तर कारण विचारावे. ब्रेकचे वा भाराचे कारण त्याने दाखवून दिले तर आदराने मान्य करावे, आणि कारण न देता त्याने मोठाच टायर पुढे केला, तर तो कागद घेऊन सरळ दुसऱ्या दुकानाची वाट धरावी.