रुनू सापडत नाही तेव्हा

बेडसे, ता. मावळ

चि. बाळास,


दीपा अनप्पारा यांची ‘जिन पट्रोल ऑन द पर्पल लाइन’ तू संपवलीस आणि शेवटावर चिडलीस. गुन्हेगार पकडले जातात, पण जयची बहीण रुनू काही सापडत नाही. “इतकं वाचायला लावून शेवटी तोंडाला पानं पुसली,” असं तू लिहिलंस. रुनू तुला घरचीच वाटायला लागली असणार, त्याशिवाय इतका राग येत नाही. पण लेखिकेने फसवलं, हा आरोप मात्र नीट तपासून बघ.

पुस्तकात मधूनमधून एकेका हरवलेल्या मुलाचं प्रकरण येतं. पहिलं बहादूरचं. त्या रात्री तो कुठे होता, काय करत होता, हे सगळं त्याच्या शेजारी उभं राहिल्यासारखं दिसतं, आणि तो नाहीसा होणार तेवढ्यात प्रकरण थांबतं. पुढच्या मुलांचंही तेच. आपल्याला कुठवर जाता येईल, ही रेघ लेखिकेने सुरुवातीलाच आखून दिली आहे. नऊ वर्षांचा जय टीव्हीवरच्या पोलीस मालिका बघून गुप्तहेर होतो, परी आणि फैज या दोस्तांना हाताशी धरतो. नीट शोधलं की माणूस सापडतोच, असं त्याला वाटतं, आणि त्याच्या नादाने वाचकालाही. मग रुनू जाते.

तक्रार ताना फ्रेंच यांच्या ‘इन द वूड्स’बद्दल (२००७) असती, तर तुझ्या आत्याने निम्मी मान्य केली असती. ती पोलीस तपासाची कादंबरी. दोन मुलांच्या बेपत्ता होण्याचं जुनं कोडं पुढ्यात ठेवते आणि तसंच सोडून देते.

अनप्पारा यांचं तसं नाही. त्या मुंबई-दिल्लीत पत्रकार होत्या, आणि खऱ्या प्रकरणांना नीट शेवट मिळतोच असं नाही. नोएडातलं निठारी आठव. डिसेंबर २००६ मध्ये तिथे मुलांचे अवशेष सापडले; त्याआधी आईबाप पोलिसांकडे खेटे घालत होते. पुढे दोन आरोपींना फाशीची शिक्षा झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आपल्यापुढच्या खटल्यांत दोघांनाही निर्दोष ठरवलं. त्या घरांना कोणता शेवट मिळाला?

आता आपल्याकडची, मूल सापडल्याची खरी हकीकत. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यात सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात हरवलेल्या १६६ मुलींची प्रकरणं होती. १६५ सापडल्या. राहिलेली एक सात वर्षांची. २२ जानेवारी २०१३ रोजी शाळेत जाताना नाहीशी झालेली. भोसले निवृत्त झाले, तरी तिचा फोटो जवळ बाळगून तिला शोधत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, तेही घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिच्याबरोबर घरकाम करणाऱ्या बाईंना इंटरनेटवर ती हरवल्याचं जुनं पोस्टर मिळालं. त्यावर पाच फोन नंबर होते. चार बंद. पाचवा एका शेजाऱ्याचा, तो लागला. त्या शेजाऱ्यानेही नंबर बदलला असता तर? आणि ती आईला भेटली तेव्हा सोळा वर्षांची होती. मधली नऊ वर्षं कुणाच्याच हाती परत आली नाहीत.

उत्तर मिळालं की वाचकाचं समाधान होतं, असंही नाही. जोन लिंडसे यांच्या ‘पिकनिक अ‍ॅट हँगिंग रॉक’मधल्या (१९६७) मुलींचं काय झालं, ते सांगणारं शेवटचं प्रकरण प्रकाशकांच्या सल्ल्याने गाळलं होतं. लेखिकेच्या पश्चात १९८७ मध्ये ते छापलं गेलं. ते वाचल्यावर सल्ला योग्यच होता, असं वाटतं. झाकण्या-पुसण्याचं म्हणशील, तर इथल्या बेडश्याच्या लेण्यात पूर्वी रंगीत चित्रं होती. बड्या साहेबाच्या नजरेला जागा स्वच्छ दिसावी म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांवर चुना फासला, असं सांगतात. रुनूच्या बाबतीत तू तोच चुना मागते आहेस.

आता एक कर. पुस्तक ग्रंथालयात परत देण्याआधी हरवलेल्या मुलांची तेवढीच प्रकरणं ओळीने वाच, रुनूचं सर्वांत शेवटी. कोण कशाच्या ओढीने बाहेर राहिलं होतं, ते वहीत टिपून ठेव. त्यानंतरही राग उरला, तर तो नेमका कुणावर आहे, तेवढं लिहून कळव. दिवाळीत आलीस की त्यावर बसून भांडू.

तुझी,
आत्या